अण्णांचा हवालदार

बोट जरा मागे घ्या. बटणं दाबायच्या आधी माझं ऐकून घ्या, कारण एकदा ती दाबलीत की मी कोणाचं ऐकत नाही. मी कीपॅड बोलतोय. मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या कपाटावर, भिंतीला चिकटलेला पांढरा चौकोनी डबा असतो ना, तो मी. पांढरा म्हणजे एके काळी पांढरा. आता मी पिवळट पडलोय आणि माझ्यावरचे काही आकडे बोटांनी पुसून गेलेत.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे शेकडो होते. एका बाईनं माझं प्रत्येक बटण दाबलं, मी प्रत्येक वेळी ‘टीं’ केलं आणि तिनं मला खोक्यात घातलं. पुढे बराच काळ गोदामात गेला. मग या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आलो, तो खालच्या काकांकडे चोरी झाली म्हणून. चोरानं टीव्ही जागच्या जागी ठेवला आणि इस्त्री नेली, या गोष्टीनं अख्खी इमारत हादरली होती.

मला भिंतीवर बसवून फिटरनं घरच्यांना समोर उभं केलं.

“हे बटण ‘घरी’चं. चित्रातल्या घरात माणूस दिसतोय बघा. म्हणजे तुम्ही आत आहात. हा फक्त दार-खिडक्या सांभाळणार, तुम्ही खुशाल फिरा. आणि हे ‘बाहेर’. म्हणजे घर रिकामं. दारातून आलात तर आकडे दाबायला याच्याकडून अर्धं मिनिट मिळेल. पण आतच काही हललं तर तेवढीसुद्धा सवलत नाही. लगेच बोंब ठोकणार.”

आत हलणारं काही दिसावं म्हणून त्यानं पॅसेजच्या छताखाली एक सेन्सर लावला. माझ्यासमोर सरळ पॅसेज आहे. एका हाताला हॉल, दुसऱ्या हाताला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, आणि अगदी टोकाला अण्णांची खोली. त्या खोलीतून कुठंही जायचं तर सेन्सरच्या नजरेखालूनच जावं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

जावईबापू मान डोलवत होते, पण नजर हातातल्या मोबाईलवर होती. कारखान्यात सुपरवायझर आहेत, डोकं कायम तिकडंच. त्यांची बायको, म्हणजे अण्णांची लेक, चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिनं मन लावून ऐकलं. आणि सगळ्यांच्या मागे अण्णा उभे होते.

अण्णा बसचे कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी खांद्याला अजून पिशवी असल्यासारखे एका बाजूला कलून चालायचे. बायको गेल्यावर लेकीनं हट्टानं इथं आणलं. आले खरे, पण जावयाच्या घरात राहतो याचा संकोच त्यांच्या अंगातून कधी गेला नाही. पंखासुद्धा विचारून लावायचे.

फिटर गेल्यावर ते माझ्यासमोर आले आणि त्यांनी मला सलाम ठोकला. “काय हवालदार, ड्यूटी सुरू का?”

तेव्हापासून मी हवालदार. येता-जाता “काय हवालदार” झाल्याशिवाय अण्णा दार ओलांडत नसत. बाकीची मंडळी माझ्याकडे बघायची ती आकड्यांपुरती. मला अण्णा आवडायला लागले, यात नवल ते काय?

मग एक दिवस घात झाला. अण्णा फिरून आले तेव्हा घरात कोणी नव्हतं. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात किल्ली, आणि चष्मा कुठल्या खिशात ते आठवेना. मी मुदत मोजायला लागलो, टीं, टीं, आणि त्या आवाजानं ते जास्तच गडबडले. आकडे चुकले. पुन्हा चुकले. मी काय करणार? मुदत संपली आणि मी बोंब ठोकली.

शेजारीपाजारी जिन्यात जमले. इस्त्री गेलेले काका हातात काठी घेऊन वर आले. अलार्म कंपनीचा माणूस आला. कारखान्यातलं काम टाकून जावईबापूंना यावं लागलं. सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, “अण्णा, चार आकडे आहेत हो. फक्त चार आकडे.”

ओरडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले. अण्णा “चुकलं माझं” म्हणाले आणि सांडलेली भाजी गोळा करत बसले.

त्या संध्याकाळी ते लेकीला सांगत होते ते मी ऐकलं. “इतकी वर्षं नोकरी केली, माझ्यामुळं गाडी एकदाही थांबली नाही. आणि आज जावयाचं काम थांबवलं मी.”

त्यानंतर अण्णांनी मला हात लावणं सोडलं. घरात कोणी असेल तेव्हाच फिरायला जायचे. माझ्यासमोरून जाताना मान खाली घालायचे. ‘हवालदार’ म्हणणंही बंद झालं. मला फार लागलं ते, पण सांगणार कोणाला?

आता त्या दिवसाचं सांगतो.

आदल्या रात्री जेवताना जावईबापू म्हणाले होते, “उद्या वरचे साहेब कारखाना बघायला येणार आहेत. उद्या माझा फोन वाजायला नको. काहीही झालं तरी.” ते सगळ्यांनाच उद्देशून होतं, पण अण्णांचा घास हातात राहिला. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या बसवरच्या जुन्या ड्रायव्हरकडे जाणार होते, दिवसभरासाठी. ते नुसतं म्हणाले, “मी नाहीच उद्या घरात.”

सकाळी ते लवकर उठले, कपडे केले, आणि चपलेचा पट्टा उसवलेला दिसला म्हणून चपला दुरुस्त करायला खोलीत घेऊन गेले. त्यांचा चेहरा मला बरा दिसला नाही. भिंतीला हात लावत गेले. खोलीचं दार लोटलं आणि आत खाट करकरली.

लेक न्हाणीघरातून बाहेर आली. कपाटात बघितलं तर अण्णांच्या चपला नाहीत. “अण्णा गेले वाटतं.”

“गेले असतील. चल लवकर,” जावईबापू बूट घालत म्हणाले.

“मग मी आज दुपारी येत नाही. दुकानातच जेवेन.” आणि तिनं माझं ‘बाहेर’चं बटण दाबलं.

मी ओरडून सांगायला हवं होतं की बाई, आत माणूस आहे. पण मला येतं ते एवढंच, टीं, टीं, टीं. निघायची मुदत संपली, दाराला कुलूप लागलं, माझा दिवा लाल झाला.

बऱ्याच वेळानं खोलीचं दार चार बोटं उघडलं. फटीतून अण्णांचा अर्धा चेहरा दिसला. त्यांनी पाऊल उचललं, आणि समोर माझा लाल दिवा दिसताच ते जागच्या जागी थांबले. पाऊल अलगद मागं घेतलं.

“हवालदार,” ते कितीतरी महिन्यांनी म्हणाले, “अहो, मी आत आहे की.”

माझा जीव तुटला. पण लाल म्हणजे लाल, मला ते बदलता येत नाही.

त्यांनी खुर्ची ओढून फटीजवळ घेतली आणि बसले. मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला, गोळ्या फ्रिजवर, पाणी माठात. सगळं पॅसेजच्या पलीकडं. कपाळावर घाम होता. डावा दंड दुसऱ्या हातानं दाबत होते. सारखे दाबत होते.

मोबाईल वाजला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. लेकीचा असेल, नाहीतर वाट बघणाऱ्या ड्रायव्हरचा. अण्णा खुर्चीतून पुढं झुकले. एक पाऊल उंबऱ्यापर्यंत आलं. मग स्वतःशीच मान हलवली.

“आत्ता साहेब लोक आले असतील. आत्ता नको. लेक दुपारी येतेच.”

ती येणार नव्हती. ते मला ठाऊक होतं, अण्णांना ठाऊक नव्हतं, आणि आमच्या दोघांमध्ये तो दहा-बारा पावलांचा पॅसेज होता.

माझं काम काय, तर काही हललं की बोंब मारायची. सगळं गप्प असावं, कोणी हलू नये, म्हणून मला भिंतीवर बसवलं. आणि त्या दिवशी मी मनातल्या मनात एकच धोशा लावला होता. हला ना, अण्णा. हला. फिटरनं सेन्सर लावला तो चोरांसाठी, तुमच्यासाठी नाही. लोक जमले तर जमतील, जावई चिडले तर चिडतील. एक पाऊल टाका, पुढचं मी बघतो. पण माणूस इतका भिडस्त, की श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

दुपार झाली. अण्णा दाराकडे बघत राहिले. दार उघडलं नाही. त्यांचं बोलणं आता तुटक यायला लागलं. “येईल,” म्हणायचे, आणि डोळे मिटायचे. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि काहीतरी जड खाली पडलं.

फटीतून मला नुसती रिकामी खुर्ची दिसत होती. आवाज नाही, हालचाल नाही. माझा हिरवा-लाल कारभार एवढा हुशार, पण उंबऱ्याच्या पलीकडे एक माणूस पडलाय एवढी साधी गोष्ट त्याला कळेना. मला माझा स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून एक हात आला आणि त्यानं दाराची चौकट धरली. दार मागं सरकलं. अण्णा अर्धे उठून चौकटीला टेकले. तोंडाचा रंग गेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“थांबवतो आज गाडी,” ते म्हणाले.

उजवा हात पॅसेजमध्ये काढला, होता होईल तेवढा वर नेला, आणि हवेत दोरी धरावी तशी मूठ मिटून खाली ओढली. एकदाच. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बसमध्ये आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं.

सेन्सरनं पाहिलं. आणि मी ओरडलो. इतका जीव तोडून मी आधी कधी ओरडलो नव्हतो, पुढंही ओरडेन असं वाटत नाही.

पुढचं मला नंतर घरच्यांच्या बोलण्यातून कळलं. अलार्म कंपनीच्या कंट्रोल रूममधल्या मुलीनं जावईबापूंना फोन लावला. साहेब लोक समोर उभे. त्यांनी खिशातल्या खिशात फोन कापला. तिनं पुन्हा लावला. “घरात कोणी नाही, आपोआप वाजला असेल, बंद करा,” ते म्हणाले. ती म्हणाली, “साहेब, दार उघडलेलं नाही. खिडक्या बंद आहेत. हललंय ते आतच.”

आणि मग त्यांना चपला आठवल्या. कपाटात चपला नाहीत एवढ्यावरून अण्णा गेले असं धरलं होतं, घाईत त्यांच्या खोलीत कोणी डोकावलंच नव्हतं. आत कोणी नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं.

दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट तसंच होतं. माझ्यावर हात टाकला. आकडे चुकले. पुन्हा दाबले. पुन्हा चुकले. चार आकडे आहेत हो, फक्त चार आकडे. मला ते आठवलं, पण हसू आलं नाही. त्यांनी मला तसंच बोंबलत सोडलं आणि पॅसेजमधून धावले.

अण्णांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. अण्णांचे ओठ हलत होते. “आधी… ते बंद करा. लोक जमतील.”

“जमू द्या, अण्णा,” जावईबापू म्हणाले. “जमू द्या लोक.”

आणि लोक जमले. जमले म्हणून बरं झालं. लिफ्ट नाही इमारतीला. अण्णांना त्याच खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले खाली नेलं, आणि खुर्चीचा पुढचा डावा पाय धरला होता इस्त्री गेलेल्या काकांनी. मला बंद करायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. रिकाम्या घरात ओरडून ओरडून मी आपोआप थांबलो.

अण्णा परत आले ते बऱ्याच दिवसांनी, वाळून, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दारात ते थांबले.

“काय हवालदार,” ते म्हणाले. मग जावईबापूंकडे वळले. “तुमची गाडी थांबवली मी. त्या साहेब लोकांच्या समोर.”

जावईबापूंनी वाकून अण्णांच्या चपलांचे पट्टे सोडले. म्हणाले, “आम्ही मागं न बघता सोडली होती हो, अण्णा.”

अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “मग आता शिका. कंडक्टर डबल बेल देतो ना, त्याच्या आधी वळून बघतो. पायरीवर कोणाचा पाय आहे का. कोणी धावत येतंय का. तेवढं बघायचं, आणि मग चला.”

माझी गोष्ट आता संपत आली. माझी बटणं अडकतात. उद्या फिटर येणार आहे. नवीन यंत्र मोबाईलवर चालतं म्हणे, रस्त्यात चालता चालता, घराकडे पाठ करून, बोट टेकवलं की कुलूप. मला त्याचा हेवा नाही, भीती वाटते. म्हणून जाता जाता हात जोडून सांगतो, मला हात नाहीत तरी जोडतो. बटण कुठलंही असो, दाबायच्या आधी घरात एकदा हाक मारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आज सकाळी लेकीनं हाक मारली, “अण्णा, निघू का?” रोज लगेच उत्तर येतं. आज आलं नाही. तिचं बोट माझ्यासमोर तसंच हवेत राहिलं. जावईबापूंचा एक बूट पायात, एक हातात. कोणी हललं नाही. तेवढ्यात पॅसेजच्या टोकाकडून दारावर टकटक झाली, टक, टक, दोनदा.

लेकीनं श्वास सोडला आणि ‘घरी’चं बटण दाबलं.