हातातलं सगळं सोडून

संसारभर खटपट्याच्या बायकोची एकच तक्रार: "अहो, हाक मारली की 'आलो, आलो' म्हणता, येत मात्र नाही!" खोटं नव्हतं ते. घरीच सर्किटं दुरुस्त करणारा हा माणूस एकदा टेबलाशी बसला की घराला आग लागली तरी त्याला पत्ता नसायचा.

मग तिला झटका आला आणि वाचाच गेली. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलायचं. खटपट्याने त्या बोटाला नखाएवढा सेन्सर चिकटवला. बोट हललं की टेबलावर घंटा वाजे. त्या इशाऱ्याला त्याच्या धंद्यात इंटरप्ट म्हणतात. म्हणजे काय, तर हातातलं सगळं सोड आणि आधी माझं ऐक.

किती हललं म्हणजे हललं, तो आकडा त्यानेच घातला होता. चाळीस. बोटातला जोर ओसरला तसा पंचवीस केला, मग बारा. पाचावर आणला, तर वरच्या मजल्यावरचं दार आपटलं तरी घंटा! बिचारा दिवसातून तीसदा धावायचा, आणि ती डोळ्यांनी हसायची: मी नाही हो, दार.

धावून धावून जीव मेटाकुटीला आला. शेवटी त्याने आणखी एक अट घातली: हालचाल पूर्ण एक सेकंद टिकली, तरच घंटा. दाराचा धक्का क्षणभराचाच असतो ना! स्वारी स्वतःच्या हुशारीवर खूश झाली. त्या दुपारी घंटा एकदाही वाजली नाही. दोन तास निवांत काम झालं. गडी चक्क शीळ घालत होता.

पाणी द्यायला गेला, तेव्हा ती गेलेली होती.

सेन्सर प्रत्येक हालचाल नोंदवून ठेवायचा. त्याने नोंद पाहिली. बोट तीनदा हललं होतं, दर वेळी अर्धाच सेकंद. पूर्ण सेकंदभर हलवत राहायची ताकद कुठून आणणार होती ती? वाचली असती की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. पण एकटी तर गेली नसती! "मेल्या, एवढंही सुचलं नाही तुला?" असं स्वतःलाच म्हणत तो ढसाढसा रडला.

अट त्याने काढून टाकली. सेन्सर तिच्या रिकाम्या गादीवर ठेवला. अजूनही वर दार आपटतं, घंटा वाजते. खटपट्या हातातलं काम टाकून उठतो, "आलो गं, आलो" म्हणतो, आणि लगेच जातो.