वृश्चिकेतला नेपच्यून

सत्त्याण्णव साली कोल्हापुरात कॉम्प्युटर-पत्रिकेचं खूळ आलं. हातानं मांडलेल्या माझ्या जुन्या पत्रिकेत नऊ ग्रह सुखानं नांदत होते. मशीननं त्यात आणखी तीन घुसवले.

साखरपुड्याच्या सकाळी, घराचा पुढचा सोपा पाव्हण्यांनी भरलेला असताना, शिरोळहून आलेल्या शिवम्मांनी तो कागद पुढं सरकवला. त्या माझ्या होणाऱ्या सासूबाई.

"पोरीचा नेपच्यून वृश्चिकेत हाय. फसवणुकीचा योग. आमास्नी जमायचं न्हाय."

माझे अप्पा गुळाचे व्यापारी. त्यांच्या आवाजाला अख्खा बाजार दचकतो. ते हात जोडून उभे राहिले, आणि माझं डोकं फिरलं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय श्रीशैल, त्यांचा मुलगा, मला मनापासून आवडला होता.

"मावशी, नेपच्यून म्हणजे लांबचा थंडगार निळा गोळा. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला एकशे पासष्ट वर्षं लागतात. एकेका राशीत चौदा-चौदा वर्षं ठाण मांडतो. श्रीशैलची पत्रिका बघा की. त्याचाबी तिथंच असंल."

बघितली. तिथंच होता. सोप्यात हशा पिकला, अप्पांचे हात खाली आले. "मग फोडा की सुपारी!" कुणीतरी ओरडलं.

"मला काय ठावं," शिवम्मा पुटपुटल्या. "श्रीशैलच म्हणाला, मशीनवर काढून बघूया."

श्रीशैल हसत नव्हता. त्याचा चेहरा पार उतरला होता. साखरपुड्याची तारीख त्यानंच दोनदा पुढं ढकललेली. फोनवर बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा.

मी एकेक गोष्ट जुळवत गेले. नेपच्यून सापडला तो असाच, दर वर्षी शिकवते मी. साध्या डोळ्यांना तो दिसत नाही. पण हर्षल ग्रह आपल्या वाटेवरून जरासा ढळत होता; कुणीतरी त्याला ओढतंय एवढं ओळखून लोकांनी कागदावर गणित मांडलं. सांगितलेल्या जागी दुर्बीण लावली आणि पहिल्याच रात्री ग्रह सापडला. माझंही उत्तर आलं होतं. ते मला नको होतं.

"श्रीशैल, कोण हाय ती?"

"शांभवी!" अप्पा गरजले.

त्यानं मान खाली घातली. "मनाली. माझ्या ऑफिसात हाय. आईला सांगायचं धाडस झालं न्हाय."

शिवम्मा मटकन खाली बसल्या. मी पत्रिकेचा कागद उचलून श्रीशैलसमोर धरला.

"तुझ्यात धाडस न्हाय," मी म्हणाले, "म्हणून खोट माझ्यात काढलीस व्हय रं?"