कलीममास्तरांची बिननावाची चाल

मित्रांनो, माझ्या अंगावर चार ठिकाणी दोरा गुंडाळलेला आहे आणि माझी एक चावी मूळची नाही, ती मलकापूरच्या एका घड्याळजीने बसवून दिलेली आहे. यावरून माझ्या वयाचा अंदाज तुम्ही बांधालच. मी बँडमधली एक जुनी क्लॅरिनेट आहे. काळी, हातभर लांब, तोंडाशी वेताची पातळ पत्ती असलेली. सनईची मी लांबची बहीण म्हणा. माझी गोष्ट खरं तर माझी कमी आणि कलीममास्तरांची जास्त आहे, कारण वाद्याला स्वतःचा श्वास नसतो.

माझा जन्म दूर मेरठला, बँडची वाद्ये बनवणाऱ्या एका गल्लीत झाला. तिथल्या कारागिराने मला छिद्रे पाडली, ती झाकायला धातूच्या चाव्या बसवल्या, एकदा फुंकून पाहिले आणि भुशाच्या खोक्यात झोपवले. रेल्वेने मी मलकापूरला उतरले तेव्हा मला घ्यायला विशीतला एक सडपातळ मुलगा सायकल घेऊन आला होता. तोच कलीम. त्याने फलाटावरच खोके उघडले आणि माझे पाचही तुकडे बोटाने चाचपून पाहिले. घरी जाईपर्यंतही त्याला धीर धरवला नाही. मालधक्क्याजवळच्या लिंबाखाली बसून त्याने मला जोडले आणि पहिला सूर काढला. तो अगदीच बेसूर होता. पण त्याने मला शर्टाच्या टोकाने पुसले, आणि मला कळले की आपण योग्य माणसाच्या हाती पडलो आहोत.

त्याने आणि त्याचा दोस्त शकील याने मिळून 'गुलशन बँड' काढला. शकील ढोल वाजवायचा. पुढे कलीमचे लग्न ताहेराशी झाले आणि बँडला लाल कोट मिळाले, कारण ताहेराच्या हातात शिवणकाम होते. ती मशीनवर बसून कोटांना सोनेरी पट्ट्या लावायची आणि कलीम शेजारी बसून सराव करायचा. कधी मशीनची गती वाढली की माझीही लय वाढायची, आणि दोघे हसायचे.

मग पंचवीस-तीस वर्षे आम्ही थांबलोच नाही. कापसाच्या व्यापाऱ्यांची मलकापुरातली मोठी लग्ने, मोताळ्याकडची शेतकऱ्यांची लग्ने, पार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतची गावे. लग्नसराई म्हणजे ऐन उन्हाळा. वऱ्हाडातल्या वैशाखात दुपारी बाराला वरात निघायची, तेव्हा माझ्या चाव्या चटका देण्याइतक्या तापायच्या. सुकून माझे सांधे सैल व्हायचे. तुम्हाला सुरुवातीला सांगितलेला दोरा त्या उन्हाळ्यांचा आहे.

वरातीत आम्ही लोकांना आवडतील ती गाणी वाजवायचो. पण मुलगी सासरी निघाली की कलीममास्तर ती गाणी बाजूला ठेवायचे. त्या वेळेसाठी त्यांनी स्वतःची एक चाल बसवली होती. संथ, खालच्या सुरात सुरू होणारी. तिला नाव नव्हते. लोक तिला 'कलीममास्तरची चाल' म्हणत. ती केव्हा सुरू करायची याचीही त्यांची एक खूण होती. ते नवरीकडे बघत नसत, तिच्या बापाच्या हातांकडे बघत. बापाने लेकीचा हात सोडला की मास्तर मला ओठांशी नेत. त्याच्या आधी कधीच नाही.

रोहिणखेडच्या एका लग्नात बनाबाई नावाची म्हातारी, नवरीची आजी, सगळे संपल्यावर आमच्याजवळ आली. मास्तरांना वाटले, आता काही चुकले. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तुही ही पिपाणी लई रडवते रे बाबू. पन रडलं म्हंजे पोट हलकं होते." एवढे बोलून तिने मास्तरांच्या हातावर बुंदीचा एक लाडू ठेवला. आजवर अनेकांनी माझी वाहवा केली, पण तेवढी सुखाची दुसरी आठवत नाही.

मित्रांनो, काळ एका दिवसात बदलत नाही. आधी हातगाडीवर एक कीबोर्ड आला. त्यात माझ्यासारखा आवाज काढणारे एक बटण होते. मला राग आला, पण मास्तर म्हणाले की पोटाची सोय ज्याची त्याने पाहावी. मग कर्णे आले, आणि मग गाडीवर घराएवढे खोके रचलेला डीजे आला.

जळगाव जामोदच्या एका लग्नात यजमानांनी हौसेने दोन्ही ठेवले होते, पुढे डीजे आणि मागे आम्ही. गाणे सुरू झाले तेव्हा माझ्या आतली हवासुद्धा त्या खोक्यांच्या दणक्याने हलत होती. मास्तर जीव तोडून फुंकत होते आणि त्यांचा सूर त्यांच्याच कानापर्यंत पोहोचत नव्हता. अर्ध्या रस्त्यात ते फुंकायचे थांबले. मी त्यांच्या ओठांत होते, त्यांची बोटे माझ्यावर फिरत होती, पण श्वास येत नव्हता. असेच ते मांडवापर्यंत चालत गेले. कुणाच्याही लक्षात आले नाही. शेजारी चालणाऱ्या शकीललाही नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसले. मग पेटीत ठेवले आणि पेटी कपाटावर ठेवली.

शकीलने ढोल विकला आणि तो एका साउंडवाल्याकडे लागला. तो मास्तरांनाही बोलवायला आला होता. मशीनवर नुसते बसायचे, बटणे फिरवायची, सावलीत काम आहे, असे त्याने परोपरीने सांगितले. तो मनाने वाईट नव्हता. मास्तरांनी त्याला चहा पाजला आणि नको म्हणून सांगितले. ते कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या गेटवर कामाला लागले. कापसाच्या गाड्या आत घ्यायच्या आणि बाहेर सोडायच्या. चार वर्षे मी कपाटावर होते. ईदच्या साफसफाईत ताहेरा पेटीवरची धूळ झटकायची, एवढाच माझा जगाशी संबंध उरला.

त्यांची एकुलती एक लेक फलक या काळात मोठी झाली. शिकून ती रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला लागली. तिचे लग्न जळगाव जामोदच्या शाकिरशी ठरले. शाकिरचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. त्याचे वडील साधे, धार्मिक गृहस्थ. त्यांची मागणी काहीच नव्हती, फक्त एक विनंती होती. निकाह साधेपणाने व्हावा. डीजे नको, गाणे-बजावणे नको. मास्तरांनी लगेच शब्द दिला. डीजे नको म्हणणारा माणूस भेटला याचा त्यांना आनंदच झाला होता. आपण कशाला हो म्हणून आलो, हे त्यांना घरी येऊन जेवायला बसल्यावर कळले. गाणे-बजावणे नको, यात मीही आले. आणि मास्तरांच्या स्वतःच्या लेकीची पाठवणीही आली. त्या दिवशी त्यांनी ताटातली भाकरी अर्धी ठेवली. ताहेराने विचारले, तर दात दुखतो म्हणाले.

ते खोटेही नव्हते. त्यांचे वरचे पुढचे दात हलायला लागले होते. डॉक्टरांनी काढायला सांगितले होते आणि मास्तर लग्नानंतर बघू म्हणून टाळत होते. तुम्हाला ठाऊक नसेल, मला वाजवताना वरचे दात माझ्या तोंडावर टेकवावे लागतात. तिथे दात नसले की श्वास असूनही सूर धरून ठेवता येत नाही.

लग्नाला दोन दिवस राहिले होते. सकाळची वेळ. फलक स्टुलावर चढली, तिने कपाटावरची पेटी काढली आणि वडिलांपुढे ठेवली.

"अब्बा, लोकाच्या किती पोरी तुमी वाजवून पाठवल्या. मले तशीच मुक्यानं पाठवता का?"

मास्तरांनी पेटीच्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाले, "बेटा, मी जबान देली हाये. जबान मोडून वाजवलं त सूर लागन का मले?"

फलकने याचा विचार आधीच केलेला असावा. ती म्हणाली, "जबान लग्नाच्या दिवसाची हाये. आज थोडीच लग्न हाये. आज मी तुमच्याच घरात हावो. अन् दात काढल्यावर मंग कवा वाजवसान?"

मास्तर सरसावून बसले. त्यांनी पेटी उघडली. चार वर्षांनी माझ्या अंगाला उजेड लागला. पत्ती वाळून वाकली होती. पेटीच्या कप्प्यात एक कोरी पत्ती शिल्लक होती, ती त्यांनी जिभेवर भिजवली. मग एकेक सांधा जोडला. आम्ही सगळे स्वयंपाकघरातच होतो, कारण ताहेरा तव्यावर भाकरी टाकत होती आणि तिला उठता येत नव्हते. फलकने आवाज टिपायला आपला मोबाइल डब्यांच्या फळीवर टेकवून ठेवला आणि ती दाराशी जमिनीवर बसली.

पहिला सूर फाटका निघाला. दुसराही. मास्तर थांबले, त्यांनी हाताने जबडा दाबला आणि पुन्हा सुरुवात केली. मग ती चाल आली. मी ती किती वेळा वाजवली असेन, पण त्या सकाळी ती मला नवीनच वाटली. एरवी ती आम्ही दुसऱ्याच्या मुलीसाठी वाजवायचो आणि मास्तरांचे डोळे कोरडे असायचे. कामावर असलेल्या माणसाचे असतात तसे.

मधल्या उंच जागेवर त्यांचा दम संपला. दाताची कळही आली असावी. सूर तुटला. त्यांनी मला ओठांपासून दूर केले आणि मान खाली घातली. 

आणि तेव्हा ताहेराने तव्यावरची भाकरी उलटता उलटता, चाल तुटली होती तिथून पुढे गुणगुणायला सुरुवात केली. मित्रांनो, ही बाई आयुष्यात कुणासमोर गायली नव्हती. पण शिलाईच्या मशीनवर बसून तिने ती चाल वर्षानुवर्षे ऐकली होती. तिला एकही जागा चुकली नाही. तिने चाल खालच्या सुरापर्यंत आणून ठेवली. शेवटच्या दोन सुरांना मास्तरांनी मला पुन्हा ओठांशी नेले आणि आम्ही तिला साथ केली. त्या घरात नेहमी उलटे व्हायचे, त्या दिवशी ती पुढे होती आणि आम्ही मागे.

भाकरी थोडी करपली. ती फलकने खाल्ली.

लग्न ठरल्याप्रमाणे साधेपणाने झाले. मी पेटीत होते, पण पेटीचे झाकण नीट बसत नाही, त्यामुळे मला ऐकू येत होते. पाठवणीच्या वेळी बायकांचे हुंदके ऐकू आले, गाडीचे दार लागल्याचा आवाज आला, गाडी निघून गेली. कुठलाही सूर नव्हता. मास्तरांनी शब्द पाळला होता. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी दात काढून घेतले.

तीन-चार महिन्यांनी फलकचे सासरे मलकापूरला आले. त्यांनी सांगितले की सून रोज काम आटोपले की कानाला वायर लावून काहीतरी ऐकत बसते आणि डोळे पुसते. त्यांना काळजी वाटली, म्हणून त्यांनी विचारले. तिने वायर काढून त्यांना ऐकवले. एवढे सांगून ते मास्तरांकडे वळले.

"कलीमभाई, हे असं होतं त मले सांगितलं काऊन नाही?"

मास्तरांच्या तोंडात तेव्हा नवी कवळी होती आणि ती त्यांना सवयीची झालेली नव्हती. ते हळू बोलले. "तुमी साधेपणा मांगला होता. त्यात काही वाईट नोतं. मी जबान कायले मोडू?"

सासऱ्यांनी खिशातून मोबाइल काढला. सुनेने तो आवाज त्यांनाही पाठवला होता. त्यांनी तो सतरंजीवर ठेवला, आणि मी प्रथमच माझा स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला. बारीक होता, डबीत कोंडल्यासारखा. पण त्या आवाजात तव्यावर भाकरी उलटल्याचा नाद होता, मास्तरांचा तुटलेला श्वास होता आणि ताहेराची गुणगुण होती. इतकी वर्षे मी असल्या यंत्रांचा मनात राग धरला होता. त्यांनी माझी जागा घेतली हे खरेच आहे. पण त्या सकाळचे ते सगळे धरून ठेवणे मला कधीच जमले नसते. मी फक्त वाजू शकते, जपून ठेवू शकत नाही. त्या दिवसापासून माझा राग गेला.

कवळी लावून मास्तरांनी एकदा मला वाजवून पाहिले. नाही जमले. त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. फलकच्या सासरच्या गावी, जळगाव जामोदला, एका शाळेत जयमालाबाई नावाच्या शिक्षिका मुलींचे बँडपथक चालवत. त्यांच्याकडे ढोल होते, पण सुराचे वाद्य एकही नव्हते. फलकने वडिलांना तसे कळवले. मास्तरांनी उत्तर द्यायला आठ दिवस घेतले. मग एका सकाळी त्यांनी माझ्या सांध्यांना नवा दोरा गुंडाळला आणि मला मांडीवर घेऊन ते एसटीत बसले.

शाळेत त्यांनी मुलींना मला जोडायचे कसे आणि पुसायचे कसे, हे दाखवले. प्रतीक्षा नावाच्या एका उंच मुलीच्या हातात मला दिले. तिने फुंकले आणि रेडकू ओरडावे तसा आवाज निघाला. सगळ्या मुली हसल्या. मास्तर म्हणाले, "हासू नका. सगळ्यायचा पयला सूर असाच निघते."

मग ते उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. मला त्याचे वाईट वाटले नाही, कारण बापाच्या हातांकडे बघायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते. ते हात काही वेळ सदऱ्याच्या खिशात गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. फाटकापर्यंत पोचले तेव्हा प्रतीक्षा अजून फुंकतच होती. मास्तर वळले आणि लांबूनच त्यांनी आपल्या डाव्या हाताचे पहिले बोट उचलून तिला दाखवले. तिने ते बोट उचलले. सूर सरळ झाला. नीट नाही, पण सरळ. मास्तरांनी मान डोलावली आणि ते स्टँडकडे निघून गेले.

मित्रांनो, आता मी या शाळेच्या कपाटात असते आणि रोज दुपारी बाहेर येते. माझे तुमच्याकडे फार मागणे नाही. वाजवून झाल्यावर मला आतून कोरडे करा, पत्ती उघडी टाकू नका, उन्हात ठेवू नका. आणि तुमच्या घरात कुणी वाजवणारे, गाणारे किंवा नुसते गुणगुणणारे असेल, तर त्यांचा आवाज मोबाइलमध्ये जरूर साठवा. पण मोबाइल फळीवर टेकवून झाला की तुम्ही मात्र त्यांच्याजवळ, खाली, जमिनीवर बसा.