कोणी विचारलं त सांगू

रिठदच्या पंचफुलाबाईंना खोटं बोलायची सवय नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. "ब्लाऊज परवा देते" हे एवढं सोडून. पण ते खोटं कोणत्याच शिवणाऱ्या बाईचं कोणी खोट्यात धरत नाही, नाहीतर अर्धा महाराष्ट्र नरकात जायचा. चोवीस वर्षं त्यांनी गावाची मापं घेतली, आणि उरलेलं कापड वीतभर असलं तरी घडी घालून परत दिलं. म्हणूनच पहिलं मोठं खोटं बोलायची वेळ आली तेव्हा ते त्यांना नीट जमलं नाही, आणि जिथं नको तिथं नेमकं जमून गेलं.

झालं असं, की दसऱ्याच्या सुमाराला त्यांची जुनी पायमशीन कापड खायला लागली. पहिली आठ-दहा मिनिटं अशी गोड चालायची की नव्या सुनेनं शिकावं. मग गरम झाली की कापड आत ओढायची, धाग्याचा गुंता करायची आणि चावून चोथा करून सोडायची. शेजारच्या दुर्गाबाईच्या मोरपंखी ब्लाऊजची उजवी बाही अशीच चावली. भाचीच्या लग्नातला ब्लाऊज! पंचफुलाबाईंनी बाही पटकन चिंध्यांत सारली, आणि तोंडातून निघालं, "दुर्गाबाई, कापडच कमी भरलं वं. बिनबाह्याचा शिवते आता."

दुर्गाबाई म्हणजे काही ऐकून गप्प बसणारं माणूस नाही. ती दुसऱ्या दिवशी वाशीमला दुकानात गेली आणि त्या कापडवाल्याशी चार लोकांत भांडून आली. "मापात पाप करते मेला!" असं म्हणून आली. पंचफुलाबाई मान खाली घालून काज करत बसल्या.

रिसोडच्या मिस्त्रीनं मशीन उघडून पाहिली. आतला दांडा घासला होता. "बाई, दुरुस्तीले मशीनपेक्षा जास्त लागते. इकून टाका," म्हणाला. मग नवी मोटरची मशीन आली, आणि जुनी विकायची ठरली. सून वर्षाराणी मोबाईलमध्ये हुशार. तिनं जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकायला व्हिडिओ काढला. दोन मिनिटांचा. सासूबाई झर्रकन शिवतायत, मशीन गुणगुणतेय, टाके मोत्यासारखे.

"आत्याबाई, दहा मिनिटानं कापड खाते हे लिहू का?" वर्षाराणीनं विचारलं.

"लिहायचं कायले? कोणी विचारलं त सांगू."

हे वाक्य पंचफुलाबाईंना फार पटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. कोणी विचारलं तर त्या खरंच सांगणार होत्या.

पण विचारायला वेळ कोणाला होता? घ्यायला आली इंझोरीकडच्या तांड्यावरची गोमतीबाई, नवऱ्याला, किशनला घेऊन. दिवाळी झाली होती, ऊसतोडीला न्यायची गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे तांड्यावर लागणार होती. मोटरसायकल बंद न करताच किशन दारात उभा होता. गोमतीबाईनं मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाली, "यंदा पोरीले नेतो, बाई. पुढच्या साली नाई नेत. मशीन असली म्हनजे मंजू घरीच राहीन, शिवन करीन. कोयता नाई धरू देत मी तिले." मग हळूच विचारलं, "बरी हाय ना?"

आता हे विचारणं झालं की नाही? पंचफुलाबाईंनी पुढे कैक रात्री स्वतःशी वाद घातला. 'बरी हाय ना' म्हणजे काही 'कापड खाते का' नव्हे, असं एक मन म्हणायचं. त्या वेळी त्या एवढंच बोलल्या, "व्हिडिओ पाह्यला ना तुमी?"

पाह्यला होता. झालं. पंचफुलाबाईंनी पायाची चौकट मोटरसायकलला बांधून दिली, आणि मशीनचं डोकं पोत्यात घालून पोत्याचं तोंड स्वतःच्या हातानं शिवून दिलं. शिवण्याआधी सवयीनं सुईखाली एक चिंधी दाबली. मशीन ठेवून द्यायची असली की खाली चिंधी ठेवायची, म्हणजे कापड ओढणारे दात घासत नाहीत. आईनं शिकवलेलं. जी हाताशी आली ती घेतली.

त्यानंतर पाच महिने काही नाही. चैत्रात, गहू निघत असताना, फोन आला.

"बाई, मी गोमती. तुमी मशीन देली होती ना, ते कापड आत ओढून राह्यली. काल परवाच गावाकडे आलो, पोतं उसवलं. एखांद्या दिवशी पाहून द्यान का?"

चोराच्या मनात चांदणं! गोमतीबाईच्या आवाजात राग औषधाला नव्हता, पण पंचफुलाबाईंच्या कानाला तो कोर्टाच्या शिपायासारखा लागला. "पाच महिने झाले ना वं!" त्या ओरडल्याच. "पाच महिन्यांत कोनं कशी वापरली, मले काय मालूम? आठ दिवसांत सांगाले पाह्यजे होतं. जुन्या मालाची कायची ग्यारंटी?"

"आमी उसात होतो, बाई. कुलपात होती ते."

"ते मी नाई आयकत." आणि फोन कापला.

फोन कापून गप्प बसल्या असत्या तरी निभावलं असतं. पण खोट्याचं असं आहे, ते एकटं राहत नाही, सोबत मागतं. दोन दिवसांनी पुन्हा फोन आला, त्यांनी उचलला नाही. तिसऱ्या दिवशीही आला. तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं, ही बाई ग्रुपवर बोंबलली तर? आपण आधी बोललेलं बरं. चष्मा लावून, एकेक अक्षर वेचून त्यांनी स्वतः ग्रुपवर लिहिलं:

'सावध राहा. वस्तू पाच महिने वापरून मोडायची आणि मग तक्रार करायची असा काही लोकांचा धंदा आहे. इंझोरीकडच्या तांड्यावरच्या गोमतीबाई यांना कोणी काही विकू नये.'

संध्याकाळपर्यंत बेचाळीस अंगठे आले. खाली कोणी कोणी तांड्याच्या लोकांबद्दल असं काही लिहिलं, की वर्षाराणीनं वाचून मोबाईल उलटा ठेवला. "आत्याबाई, हे जास्तच झालं," म्हणाली. पंचफुलाबाईंनाही वाटलं तसं. त्या रात्री भाकर गिळेना. पण काढून टाकलं तर लोक म्हणतील हिचंच खोटं होतं, म्हणून राहू दिलं.

आणि पुढच्याच मंगळवारी, दुपारी बाराच्या उन्हात, गोमतीबाई दारात उभी राहिली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पोतं. मागे तिची पोरगी मंजू, एकोणीस-वीसची, हातात पाण्याची बाटली. दोन एसट्या बदलून आल्या होत्या, आणि रिठदच्या थांब्यापासून मशीनचं ते लोखंडी धूड बाईनं डोक्यावर आणलं होतं. ओसरीवर दुर्गाबाई माप द्यायला बसलेली. पंचफुलाबाईंच्या हातातला टेप खाली पडला.

आता ही भांडणार, अख्खी आळी गोळा करणार. पंचफुलाबाईंनी कंबर कसली. 'पाच महिने, पाच महिने' असं मनात घोकूनही झालं.

गोमतीबाईनं पोतं हळूच खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि हसली. "बाई, फोनवर तुमाले राग आला. बराबर हाय, आमालेच चालवता येत नसन. आमचे हात कोयत्याचे, मशीनचं आमाले काय समजते? म्हनून डोक्यावर घेऊन आली. मंजूले एकदा दाखवून द्या, ते कुठं चुकून राह्यली."

पंचफुलाबाईंची कसलेली कंबर सैल पडली. भांडायला आली असती तर भांडल्या असत्या. ही तर स्वतःचीच चूक डोक्यावर घेऊन आली होती, मशीनसकट.

"अन् हे तुमची राह्यली होती," म्हणत गोमतीबाईनं कमरेच्या पिशवीतून एक घडी काढली. "सुईखाली होती. चांगलं कापड हाय, कोन्या गिऱ्हाइकाचं असन म्हनलं. धुऊन ठेवली."

मोरपंखी. धुतलेली, हातानं ताणून घडी घातलेली. पंचफुलाबाईंनी हात पुढे करायच्या आधी दुर्गाबाईनं ती घेतली, उलगडली. अर्धी बाही होती. मधोमध चावल्याची भोकं, भोकांत अडकलेला धाग्याचा गुंता.

"हे त माही बाही होय," दुर्गाबाई म्हणाली.

दुर्गाबाईनं भोकांतून बोट घातलं, पोत्याकडे पाहिलं, मग पंचफुलाबाईंकडे. "कमी भरलं होतं ना कापड? म्या त्या दुकानदाराले चार लोकांत चोर म्हनलं, पंचफुला. दसऱ्याले."

धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, तसं काही होत नसतं. माणसाला तिथंच उभं राहावं लागतं. पंचफुलाबाईंच्या तोंडाशी एक शेवटचं खोटं अजून होतं. चिंधी आहे, कुठूनही येते, असं म्हणता आलं असतं. त्यांनी गोमतीबाईकडे पाहिलं. ती आपली अजून हसऱ्या तोंडानं, काय चाललंय ते न कळून, एकीकडून दुसरीकडे बघत होती. चुंबळीचा वळ तिच्या कपाळावर तसाच होता.

"मंजूचं काही चुकत नाई, गोमतीबाई," त्या म्हणाल्या. "मशीनच तशी हाय. दहा मिनिटानं कापड खाते. मले मालूम होतं. तुमाले देली तवा बी मालूम होतं."

गोमतीबाईचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर राहिलं थोडा वेळ, विसरल्यासारखं. "मंग सांगतलं काहून नाई, बाई? मी इचारलं होतं ना."

विचारलं होतं. पाच महिन्यांचा वाद त्या एका शब्दानं मिटला.

"पैसे आनते," पंचफुलाबाई उठल्या. "जेवढे देले तेवढे, एसटीचे बी."

"काकू," मंजू पहिल्यांदा बोलली. आवाज बारीक, पण थरथर नव्हती. तिनं स्वतःचा मोबाईल पुढे केला. काच तडकलेली, आणि काचेत तो मजकूर, त्याखालचे बेचाळीस अंगठे. "पैसे मंग. हे अगुदर. जिथं लिहिलं, तिथंच लिहा."

"काय हाय वं त्यात?" गोमतीबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

मंजूनं मोबाईल तसाच पुढे धरला. सांगणार कोण? पंचफुलाबाईंनी चष्मा लावला आणि आपणच लिहिलेलं, पहिल्या शब्दापासून, गोमतीबाईला वाचून दाखवलं. 'धंदा' या शब्दावर आवाज फाटला. तरी वाचलं. मग तिथंच बसून आपल्या मोबाईलवर खाली लिहिलं: 'मशीन आधीपासून खराब होती. मी लपवले. गोमतीबाई खऱ्या आहेत, खोटी मी आहे. पंचफुला, रिठद.' तेही वाचून दाखवलं.

गोमतीबाईनं पोत्याचं तोंड आवळून घेतलं. मग लेकीला म्हणाली, "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू आलीच नसती, याडी," मंजू म्हणाली; तांड्यावर आईला याडी म्हणतात. "अन् मले उसात नाई जायचं."

पंचफुलाबाईंना वाटलं, कोणी आपल्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्षाराणीनं आणलेला चहा तसाच होता, गोमतीबाईनं कपाला हातही लावला नव्हता. पैसे मोजून दिले तर पोरगी त्यात दुसरी मशीन कुठून आणणार, अशीच कोणाची तरी, दोन मिनिटांच्या व्हिडिओवाली? त्या आत गेल्या आणि कोपऱ्यातल्या नव्या मशीनवरचं कव्हर काढलं.

"हे घेऊन जाय, मंजू. मी जुनी दुरुस्त करीन, नाईतर हातानं शिवीन. मोटर हाय, पायाचा बी तरास नाई. सहा महिन्यांचीच हाय, चांगली हाय."

मंजू मशीनजवळ आली. हात लावला नाही, नुसती पाहत राहिली. आणि मग तिनं जे म्हटलं, ते पंचफुलाबाईंना मरेपर्यंत पुरेल.

"चालवून दाखवा, काकू. दोन मिनिटं नाई. पुरा ब्लाऊज शिवून दाखवा."

चोवीस वर्षांत त्यांच्या हाताची परीक्षा कोणी मागितली नव्हती. पंचफुलाबाई बसल्या. कापड दुर्गाबाईनं दिलं, आज शिवायला आणलेलं, मोरपंखीच्याच रंगाचं नवं, शब्द न बोलता मांडीवर टाकलं. पंचफुलाबाईंनी ते तिच्या मापाचं कापलं, आणि मशीन सुरू झाली. वर्षाराणी दाराला टेकली, दुर्गाबाई खांबाला, गोमतीबाई खाली पोत्याशेजारी बसली. मंजू मात्र उभी राहिली, अगदी खांद्याशी, सुईवर नजर ठेवून.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. टाके सरळ पडत होते. पाठ झाली, पुढचे भाग जोडून झाले. डोळ्यांत पाणी आलं की त्या थांबायच्या, पदरानं टिपायच्या आणि पुन्हा चालवायच्या. पोरगी हलली नाही.

डावी बाही लागली, मग उजवी. शेवटचा टाका घालून त्यांनी धागा तोडला आणि ब्लाऊज मंजूच्या हातात दिला. मंजूनं तो उलटा केला, उजेडात धरला, आणि प्रत्येक शिवण नखानं ओढून पाहिली. एकही टाका सुटला नाही, तेव्हा तिनं मशीनला पहिल्यांदा हात लावला.