पुढचं प्रकरण कधी?

फिलिपाइन्समधल्या इलोइलोतल्या एका शाळेची ग्रंथपाल पर्लिता सुमागायसाय हिने फेसबुकवर पुस्तकवेड्यांचा एक गट काढला होता. सभासद दोन हजार, नियम नऊ, आणि नऊच्या नऊ तिच्याच हातचे. त्यातला सातवा तिच्या विशेष लाडका: गटात कथा टाकणाऱ्याला ‘पुढचं प्रकरण कधी?’ असं कुणीही, कोणत्याही कारणाने विचारायचं नाही. लेखक म्हणजे भाताचा कुकर नव्हे, असं खाली कंसात स्पष्टीकरणही होतं.

फेब्रुवारीत तिने स्वतःच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण टाकलं. बेकरीवाल्याची विधवा नवऱ्याचं कपाट उघडते आणि आत बायकी मापाचे नवेकोरे पांढरे बूट निघतात. इथे प्रकरण संपलं.

चौऱ्याऐंशी प्रतिक्रिया आल्या. सगळ्या सोज्वळ. ‘सुंदर, मानांग!’ (ताईला तिकडे मानांग म्हणतात.) ‘सवडीने लिहा, आम्हाला मुळीच घाई नाही.’ पर्लिताने एकेकीला वेगळं उत्तर दिलं, त्यात मार्च गेला. मग टेबल खिडकीशी हलवलं. एप्रिलात ऊन येतं म्हणून परत आणलं. जून उजाडला तरी दुसऱ्या प्रकरणाची एक ओळ नव्हती. कुणालाच घाई नसेल तर आपण कुणासाठी करायची, असं तिने घरात बोलूनही दाखवलं.

“एवढंच ना? मी विचारतो,” नवरा विल्मार सुकी मासळी तळता तळता म्हणाला. “कधी लिहिणार दुसरं?”

“तुझं विचारणं कुणी धरायचं? तू पहिलं तरी वाचलंस का?”

“तू छापून दे, वाचतो.”

शनिवारी सकाळी दहाला जोव्हेलिन नावाच्या नव्या सभासदाची प्रतिक्रिया आली. ‘मानांग, कपाटात बूट ठेवून चार महिने कुठे गायब झालात? मी म्हणते दुसऱ्या बाईचे. सासू म्हणते, बायकोसाठीच आणले असतील, द्यायचा धीर झाला नसेल. घरात अबोला धरलाय आम्ही. पुढचं प्रकरण कधी???’

पर्लिताने ती तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचायला गेली तर प्रतिक्रिया गायब. तिथे सहसंचालक रोमेलचं निवेदन: ‘आमच्या लाडक्या लेखिकेचा झालेला उपमर्द काढून टाकला आहे. संबंधितांवर सात दिवस बंदी.’ खाली सांत्वनाला रांग लागली होती.

तिने तडक फोन लावला. रोमेल दातांचा डॉक्टर.

“तिला परत घे.”

“मानांग, पेशंट तोंड उघडून बसलाय.”

“बसू दे. अरे, मला काही वाटलं नाही त्याचं.”

“तुम्हाला काय वाटलं याचा नियमात उल्लेख नाही. आणि आज लेखिकेला चाललं म्हणून सोडलं, तर उद्या सगळेच विचारत सुटतील.”

तिकडे पेशंट घशातून काहीतरी बोलला. “झालंच, नोनोय,” असं त्याला ‘बाळा’ म्हणावं तसं लाडाने सांगून रोमेलने आवाज खाली आणला. “मानांग, एक विचारू? कुणाला सांगणार नाही. बूट कुणाचे?”

“रोमेल. नियम सात.”

“चार महिने झाले हो! बायको रोज विचारते मला!”

पर्लिताने फोन ठेवला. खरी गोष्ट अशी होती की बूट कुणाचे, हे तिलाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या बाईचेच असणार, असं तिने गृहीत धरलं होतं, आणि त्या बाईचा तिला चार महिने कंटाळा आला होता. धीर न झालेला नवरा मात्र एकदम ओळखीचा वाटला.

तिने जोव्हेलिनला खासगीत कळवलं: ‘बंदी पुढच्या शनिवारी उठेल. त्याच दिवशी दुसरं प्रकरण. सासूबाईंशी बोला, बाई.’

मग नवा नियम लिहावा का, असं तिच्या मनात आलं. अर्धा तास तरी सहज गेला असता. पण शनिवारला सातच दिवस होते. तिने फेसबुक बंद केलं, वही ओढली आणि बेकरीवाल्याला बुटांच्या दुकानाबाहेर ताटकळत उभं केलं. पहिल्या दोन ओळी खोडल्या. तिसरी राहिली.