गुंडीची शिकवणी

पानगळीचे दिवस म्हणजे शिंपीणबाईंची सुगी. गारवा पडायला लागला की लोक पेटीतून कोट काढतात, अंगात चढवून बघतात आणि मग "कोट आटला हो" असं सांगत दुकानात येतात. कोट कधी आटत नाही, आटतो तो माणसाचा खरेपणा. पण बाईंनी पंचवीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला तसं तोंडावर म्हटलं नव्हतं. "कापडच तसलं," म्हणायचं, गळ्यातली टेप ओढायची आणि कमरेत दोन बोटं सोडायची.

दुकानामागे दोन खोल्या होत्या. तिथे बाई, बस चालवणारा त्यांचा नवरा आणि नर्सिंग शिकणारी लेक राहत. आणि गुंडी. गुंडी म्हणजे बारा वर्षांची, मांजराहून जराशी मोठी कुत्री. दिवसभर शिलाई मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात पडून असायची. दरवर्षी पानगळीत दाराशी वाळकं पान खरखरलं की ती उठून त्याच्यावर भुंकायची, एकेका पानाचा स्वतंत्र समाचार घ्यायची. यंदा पानं तिच्या नाकासमोरून आत आली आणि ती झोपून राहिली. लेकीनं तिच्या मागे मुद्दाम मोठी कात्री पाडली, तरी हिचा कान हलला नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान गेलेत, वय झालं, बाकी प्रकृती तुमच्या-आमच्यापेक्षा बरी आहे.

समोरच्या फुटपाथवर बाईंच्या मैत्रिणीची बेकरी होती. बारा वर्षं गुंडी वाहनांचा कानोसा घेऊन रस्ता ओलांडायची, पावाची कड खायची आणि तशीच परत यायची. कान गेले, पण पावाची ओढ काही गेली नाही. एका सकाळी गिऱ्हाइकानं दार उघडं टाकलं आणि गुंडी निघाली. तिकडून बस आली. बस चालवत होता बाईंचाच नवरा.

त्यानं ब्रेक दाबला. गुंडी वाचली, तिला काही झालंय हे कळलंसुद्धा नाही. बसमध्ये उभी असलेली एक म्हातारी मात्र दांड्यावर आपटली. कपाळ फुटलं, चार टाके पडले.

त्या दिवशी नवरा घरी आला आणि अंगातला गणवेश न उतरवता खुर्चीवर बसला.

"गुंडी इथे राहणार नाही," तो म्हणाला. "बहिणीला फोन केलाय. तिच्याकडे अंगण आहे, भिंत आहे, रस्ता नाही. तिसऱ्या रविवारी येईल न्यायला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"बांधून ठेवू."

बांधून बघितलंही. दोन दिवस गुंडी अन्नाला शिवली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दोरी कुरतडली. शेवटी नवऱ्यानंच तिला सोडलं. "बारा वर्षं मोकळी राहिलीय ती. म्हातारपणी तिला खुंट्याला बांधायची, त्यापेक्षा बहिणीकडे बरी."

"आणि रस्त्याशी थांबायला शिकली तर?"

"बहिरी कुत्री? या वयात?"

"कान गेलेत. डोळे शाबूत आहेत."

"तीन आठवडे आहेत तुझ्याकडे," नवरा म्हणाला. लहान मुलाची समजूत काढावी तसा त्याचा आवाज होता, आणि तिथेच त्याचं चुकलं. बाई हट्टाला पेटल्या.

नणंदेकडे गुंडीचे हाल झाले असते असं नाही. नणंद जिवाला जीव देणारी बाई. पण ज्या कुत्रीला ऐकू येत नाही तिला घर म्हणजे वास, जमीन आणि ओळखीचे पाय. ते सगळं या वयात एका दिवसात हिसकावून घ्यायचं, हे बाईंना पटत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कारणं नंतरची. बाईंना गुंडी हवी होती. मशीनखाली पायाला तिची ऊब लागली नाही तर आपल्याला शिवता येईल की नाही, याची त्यांना धास्ती वाटत होती.

शिकवणीत दोन धडे होते. फुटपाथच्या कडेला आलं की थांबून मागे वळून बघायचं, हा पहिला. मागे कुणी हाताचा पंजा उभा धरलेला दिसला की बसायचं, हा दुसरा. दुकान उघडण्याआधी, सकाळच्या गारठ्यात, गुंडीच्या कमरेला लांब दोरी बांधून दोघी फुटपाथवर उतरायच्या. पलीकडे बेकरीवाली हातात पावाची कड घेऊन उभी राहायची. पाव फुकट द्यायची आणि टोमणेही.

"अगं, माझा नवरा तीस वर्षांत मागे वळून बघायला शिकला नाही," ती रस्त्यापलीकडून ओरडायची. "तू कुत्रीला शिकवतेयस."

पहिला आठवडा म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. गुंडी पानांत लोळायची, खांब हुंगायची, पावाकडे बघून शेपूट हलवायची आणि बाईंकडे ढुंकूनही पाहायची नाही. बाईंच्या नाकी नऊ आले, पण एकही सकाळ चुकली नाही. दुसऱ्या आठवड्यात एकदा ती कडेला थांबली. मग पुन्हा थांबली. मग वळून बघायला लागली. बाईंचा पंजा वर गेला रे गेला की गुंडीची बैठक जमिनीला टेकायला लागली. बाई दिवसभर गिऱ्हाइकांना हेच सांगत राहिल्या, आणि एका कोटाला दोन्ही बाह्या उजव्याच लावून बसल्या.

लेकीचा पंजा मात्र गुंडी जुमानत नव्हती.

"तुझा धाक नाही तिला," बाई म्हणाल्या.

"तुझा तरी कुठे आहे? ती तुझ्या उशीवर झोपते," लेक म्हणाली. पण कॉलेजची वेळ झाली होती, म्हणून तो वाद तिथेच राहिला.

नवऱ्यानं या काळात ताकास तूर लागू दिली नाही. बस दुकानावरून जायची तेव्हा तो नाकासमोर बघायचा. घरी येऊन जेवायचा, भांडी विसळायचा. सुट्टीच्या दिवशी त्या म्हातारीच्या घरी जाऊन यायचा आणि "टाके काढले" किंवा "बरी आहे" एवढंच सांगायचा. शिकवणी कुठवर आली, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. बाईंनीही आपणहून सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी बेकरीवालीच्या बहिणीकडे चहाला जायचं होतं. बाईंनी दुकान लवकर बंद केलं, स्वतःचा चांगला कोट घातला आणि जाता जाता गुंडीचा एक धडा उरकून घ्यावा म्हणून तिला फुटपाथवर नेलं. गुंडी कडेला थांबली. वळून बघितलं. बाईंनी पंजा उभा धरला.

गुंडीनं त्या पंज्याकडे पाहिलं, जणू कुणी परकी बाई बसची वाट बघत उभी आहे, आणि सरळ रस्त्यावर पाऊल टाकलं. दोरी होती म्हणून बरं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाच वेळा केलं.

लेक दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली आणि बाईंची टेप घेऊन बाहेर आली.

"ही गळ्यात घाल," ती म्हणाली, "आणि आता हात कर."

बाईंनी टेप गळ्यात टाकली. उजवा पंजा वर केला तसा डावा हात आपसूक टेपेच्या टोकाशी गेला आणि टेप ताणली गेली. पंचवीस वर्षांची सवय, टेप खांद्यावरून घसरू नये म्हणून. गुंडी ताबडतोब बसली.

"ती तुझा हात कधी बघतच नव्हती, आई. तिला वाटतंय, पिवळी पट्टी ताठ झाली की बसायचं."

बाई फुटपाथवरच्या पानांत बसल्या. तीन आठवडे आपण कुत्रीला थांबायला शिकवलं नव्हतं, शिंपीण ओळखायला शिकवलं होतं. दुसऱ्या कुणा शिंप्याच्या हातून ही चूक झाली असती तर त्या पोट धरून हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते लेकीपासून लपवलंही नाही.

"मग घालू की सगळेच टेप," चहाला न्यायला आलेली बेकरीवाली म्हणाली. "मी घालते, ही घालते, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही एक देऊ."

"नको," बाई उठत म्हणाल्या. "गुरुवार आहे आज. तीन सकाळी आहेत अजून. चहा पुढच्या गुरुवारी."

त्यांनी टेप काढून खणात टाकली. माप घ्यायला लागली तर काढायची, घेतलं की परत आत. गळा दोन दिवस उघडाबोडका वाटत राहिला. पंजा सगळ्यांचा हवा होता, आणि पंजे दुकानात आयते चालून येत होते. कोट घालून बघायला आलेल्या माणसाला हात वर करावाच लागतो, काखेत घट्ट होतो का ते बघायला. बाई त्याला गुंडीसमोर उभा करायच्या.

"वर करा हात. पुढे धरा. पंजा उघडा ठेवा."

"पंजा कशाला, बाई?"

"बाहीची लांबी बघतेय. हलू नका."

गुंडी बसली की तिला पावाचा तुकडा मिळायचा आणि गिऱ्हाइकाला "झालं, उतरवा" ऐकू यायचं. शुक्रवार-शनिवारी मिळून सत्तावीस माणसांनी हात वर केले. त्यांत एक निवृत्त न्यायाधीश होते. पिठानं माखलेला बेकरीवालीचा पंजा गुंडीला सगळ्यात आधी समजला, लेकीचा त्यानंतर. शनिवारी दुपारी ती कुणाही ऐऱ्यागैऱ्याच्या पंज्यापुढे बसत होती. पण हे सगळं घरात. बाहेर, मोकळी, दोरीशिवाय ती काय करेल ते रविवारीच कळणार होतं.

रविवारी दहाला नणंद आली. बरोबर वेताची टोपली होती, आत तिनं स्वतः विणलेलं जाड आसन घातलं होतं. ते बघून बाईंना तिचा राग करता येईना.

"वहिनी, मला दोष देऊ नकोस," नणंद म्हणाली. "दादा म्हणाला म्हणून आले."

"आधी बघ," बाई म्हणाल्या. "मग काय ते ठरव."

सगळे फुटपाथवर उतरले. रविवारचा रस्ता, वाहनं थोडी. तरी लेक दोन्ही बाजूंवर नजर ठेवून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बेकरीवाली पलीकडे पावाची कड घेऊन आली आणि या खेपेला तिनं एकही टोमणा मारला नाही. बाईंनी गुंडीची दोरी सोडली.

गुंडी धावली. बारा वर्षांच्या कुत्रीत एवढी चपळाई असेल असं वाटलं नव्हतं. कडेला आली आणि थांबली. मग मागे वळली. बाईंचा हात निम्मा वर गेला आणि तिथेच राहिला, कारण गुंडी त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती त्यांच्या नवऱ्याकडे.

तो कोटाच्या खिशात हात घालून उभा होता. तीन आठवड्यांत त्यानं एकदाही हात उचलला नव्हता. पलीकडे पाव होता, मध्ये रस्ता होता, आणि गुंडी मान वळवून त्याच्या हुकमाची वाट बघत होती.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या. "हात."

त्यानं खिशातून हात काढला आणि पंजा उभा धरला. गुंडी बसली. एक मोटार गेली, मागून एक सायकल गेली, तरी ती बसूनच होती. लेकीनं जाऊन तिला उचललं.

नणंदेनं टोपलीतलं आसन काढलं. "हे ठेव तिला," ती बाईंना म्हणाली. "मशीनखाली जमीन गार असते." आणि रिकामी टोपली घेऊन ती चहा टाकायला आत गेली.

नवरा तिथेच उभा होता. बाईंना वाटलं होतं, जिंकल्यावर त्याला चार खडे बोल ऐकवू. त्याचा चेहरा बघून त्या त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"ती थांबेल," तो म्हणाला. "माझंच सांगता येत नाही. आम्हाला शिकवतात, बस भरलेली असली की जनावरासाठी जोरात ब्रेक दाबायचा नाही. मला गुंडी दिसली आणि मी दाबला. मागे तीसेक माणसं उभी होती. म्हातारीच्या घरी जातो तेव्हा ती मला चहा देते, म्हणते, तुमचा काय दोष. मी तिला अजून सांगितलेलं नाही की ती कुत्री माझी होती. पुन्हा तसंच झालं, तर मी पुन्हा दाबणार. हे मला माहीत आहे."

"म्हणून तिला पाठवत होतात?"

"हो. आणि तू ऐकणार नाहीस हे दिसलं, म्हणून मंगळवारी अर्ज दिला. उद्यापासून मला दुसरा मार्ग आहे. बाजाराच्या मागून जातो. इथून नाही."

अकरा वर्षं त्याची बस दिवसातून आठ वेळा दुकानावरून जायची. सुईत दोरा ओवता ओवता बाई मान वर करायच्या, तो दिसायचा, आणि त्या पुन्हा मान खाली घालायच्या. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते. बोलण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं.

"मला न विचारता," बाई म्हणाल्या.

"हो."

बाईंनी नाक पुसलं. "पहिली फेरी किती वाजता?"

"सहा चाळीस."

"बाजारामागचा थांबा, पिंपांच्या दुकानाजवळचा?"

"तोच. का?"

"दुकान आठला उघडतं," बाई म्हणाल्या. "तोवर मी आणि गुंडी मोकळ्याच असतो. तिला दोरी बांधून आणीन. तुम्ही फक्त समोर बघून चालवा."