भुऱ्याच्या अंगातली देवी

नाकाडोंगरीच्या अलीकडे आमचं गाव. तिथे दर मंगळवारी बाबूलाल महाराजांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. माणसांच्या अंगात देवी येते, हे आम्ही ऐकून होतो. इथे ती धुरपताबाईंच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या अंगात येत होती!

"देवी आता मानसाईले कंटाळली!" भुऱ्याची दोरी धरून महाराज ओरडत. "तिनं इमानदार जीव निवडला. विचारा!"

एका मंगळवारी चंद्रभागाबाईंनी हात जोडले. "माह्या नातीची, खुशबूची मिरगी जाईन का जी?"

महाराजांनी कापूर पेटवला, भुऱ्याला पेढा भरवला आणि लांबलचक प्रवचन झोडलं. ते संपता संपता भुऱ्या धाडकन आडवा झाला. पाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. डोकं उगवतीकडे पडलं की होकार, मावळतीकडे पडलं की नकार. ते उगवतीकडे पडलं. जयजयकार झाला आणि चंद्रभागाबाईंना नातीसाठी त्याच डब्यातला पेढा मिळाला.

मी गावच्या शाळेत शिकवतो. भुऱ्यालाही मिरगी, म्हणजे फेफरं आहे, हे मला ठाऊक होतं. तुमसरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी धुरपताबाई रोज भातात कालवून देत, तेव्हा महिनोन्महिने झटका येत नसे. पण 'गोळीनं देवी रुसते' असं महाराज म्हणाले आणि गोळी बंद झाली. त्याला दगड मारणारे लोक आता त्याच्या पाया पडत होते. एकट्या बाईला त्याचं सुख वाटलं, तर तिला काय बोल लावायचा? भुऱ्या मात्र खंगत चालला होता. मला संताप येई आणि त्या गर्दीची भीतीही वाटे.

संध्याकाळी धुरपताबाई माझ्या घरी आल्या. "सर, घरी मिरगी येयाच्या आधी भुऱ्या माह्या पायापाशी येऊन कुईकुई करते. तिथं महाराजापाशी करत नाही. पेढा खाल्ला की पडते. अन् फेस पुसला त पदराले कापराचा वास येऊन राहिला. काहून?"

अंगणात सतत कापूर जळे. तिथे हा वास कुणाला वेगळा कळणार?

पुढच्या मंगळवारी भुऱ्याच्या तोंडाशी आलेला पेढा धुरपताबाईंनी हिसकावला. "हा तुमीच खा, महाराज."

"मले उपास हाय!"

मी पेढा फोडला. आतल्या पांढऱ्या खड्यांना काडी लावली, तसे ते भडकन पेटले.

"चमत्कार!" मागून कुणी तरी ओरडलं. आता काय बोलावं!

"चमत्कार नाही, कापूर आहे," मी म्हणालो. "तो पोटात गेला तर धडधाकट जिवालाही झटके येतात. आणि डोकं कुठे पडेल ते ही दोरी ठरवते. ती कुणाच्या हातात असते?"

महाराज घरात शिरले आणि त्यांनी कडी लावली. तेवढ्यात भुऱ्या धुरपताबाईंच्या पायाशी कुईकुई करू लागला आणि पडला, या वेळी पेढ्याशिवाय. लोक अजूनही डोकं कुठे पडतं तेच बघत होते! एकानं हुंगवायला चप्पल आणली. धुरपताबाईंनी ती ढकलली, भुऱ्याजवळचे दगड बाजूला केले आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं झटका आपोआप थांबला.

चंद्रभागाबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "सर, तो पेढा खाल्ला अन् खुशबूले लय मोठा झटका आला. मले वाटलं, रोग निंगून राहिला. अर्धा पेढा घरी ठेवला हाय... आज देजो म्हनलं होतं सुनेले."

मी फटफटी काढली. धुरपताबाईंनी त्यांना मागे बसवलं.

"पह्यले तो पेढा फेक, बाई, अन् पोरीले दवाखान्यात ने. देवी रुसली त रुसू दे, गोळी चुकवू नोको."